डाव्या हाताची उडी

हार्लेम, न्यूयॉर्क
२७ मार्च १९३९

प्रिय लेम,

आई पलीकडे पालेभाजी निवडत बसलीय आणि मधूनच ओरडतेय, "त्याला लिही, म्हणावं आई अजून जिवंत आहे!" लिहिलं एकदाचं.

काल दुपारी लेनॉक्स अव्हेन्यूवरच्या नाचाच्या हॉलमध्ये मी वाजवलं. तेरा महिन्यांनी. बोटांची हाडं जुळली, असं डॉक्टर केव्हाच म्हणाले होते. पण पियानोचं नाव काढलं की ते खिडकीबाहेर बघायचे. आपल्या वाजवण्यात डाव्या हाताला उसंत नसते, हे तुला कशाला सांगू? तूच शिकवलंस. खाली खर्जाचा सूर मारायचा, तिथून थेट मधल्या पट्ट्यांवर उडी, पुन्हा खाली, आणि तेही न बघता, तोंडाने गाणं चालू ठेवून.

पहिलं गाणं मी हात चोरून वाजवलं. संथ, उड्या टाळून. लोक नाचायचे थांबून गप्पा मारू लागले. ड्रमवाला थॅड कानाशी वाकून म्हणाला, "ड्रू, अंगाई संपली की सांग हं. मंडळींना उठवावं लागेल."

असा राग आला, लेम! त्याच तिरीमिरीत मी सगळ्यात जलद गाणं सुरू केलं. दुसऱ्या कडव्यात उडी चुकली, करंगळी शेजारच्या पट्टीवर पडली. पण मी मुद्दाम तीच चूक पुन्हा वाजवली, गळ्यातूनही तसाच वाकडा सूर काढला, आणि हॉल खदखदून हसला. थॅड ओरडला, "आली गं बाई, आली!" मग हात मला विचारेनासा झाला. आपला आपण जात होता, येत होता. जमीन थरथरत होती नाचणाऱ्यांच्या पायांनी. आई, जिने जन्मात नाचाच्या हॉलचा उंबरठा ओलांडला नाही, ती दाराशी टोपी घालून उभी होती आणि चुकीच्या ठेक्यावर टाळ्या वाजवत होती.

थंडीत करंगळी अजून ठणकते. तेवढंच.

तुझ्या घरमालकिणीने आईला कळवलं, की तू पिट्सबर्गला पोलादाच्या कारखान्यात लागलास आणि खाली दिवाणखान्यात पियानो असून त्याला हात लावत नाहीस. म्हणून हे पत्र. बँडवाल्यांनी तुझी जागा मला दिली, त्या दिवशी आपण रस्त्यात भांडलो. तू मोटारीचं दार आपटलंस, त्यात माझा डावा हात होता. सगळ्यांना मी सांगितलं, वाऱ्याने दार लागलं. पण खरं सांगते, कित्येक महिने मी पडल्या पडल्या विचार करायचे, लेमने हात पाहूनही दार आपटलं का? काल वाजवून बाहेर आले, कुणीतरी मोटारीचं दार लावलं, आणि एकदम सगळं आठवलं. त्या दिवशी आधी तू किंचाळलास. मी नंतर. मला दुखायच्या आधी तुला दिसलं होतं, पण तोवर दार तुझ्या हातून सुटलं होतं. रस्त्यातच बसून मी पोटभर रडले, इतकं हलकं वाटलं. एप्रिलमध्ये हॉलवाले दोन पियानो समोरासमोर मांडणार आहेत. दुसऱ्यावर कोण, असं थॅडने विचारलं. मी तुझं नाव सांगून मोकळी झालेय.

तुझीच बहीण,
ड्रूसिला