व्याह्यांच्या जाहिराती

१ मार्च, शनि. एजवेअर, लंडन
केतकीचा फोन. तिचे सासरे, आपले व्याही लाऊ, नॉटिंगहॅमचं घर विकून फ्लॅटमध्ये चाललेत. विहीणबाई गेल्यापासून घर अंगावर येतं म्हणे. बापलेकांचं बिनसलंय, जिन्यातल्या त्या जुन्या जाहिरातींवरून. जावई डॅनियल म्हणतो, सरळ रिसायकलिंगला टाका. के. म्हणाली, "बाबा, तुम्ही जा ना, प्लीज. तुमचा ऐकतात ते." 'तुमचा'. शाळेपासून हेच.
जातो.

४ मार्च, मंगळ. नॉटिंगहॅम
ट्रेनमध्ये जुने दिवस. इथला पहिला हिवाळा, भाड्याची खोली, कोपऱ्यावरच्या चायनीज टेकअवेतल्या चिप्स आणि वर करी सॉस. आमटी नव्हे, पण हात गरम व्हायचे. लाऊंचंही असंच दुकान होतं. भेटलो की आधी त्या सॉसचा विषय.
जिन्याची भिंत तशीच. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या साबणाच्या, स्टार्चच्या, चहाच्या जाहिराती. सगळीकडे तोच चिनी माणूस: लांब वेणी, डोळ्यांच्या जागी तिरक्या रेघा, पुढे आलेले दात. एकीत साबण इतका भारी की धंदा बुडालेला चिनी धोबी बोचकं घेऊन बोटीकडे पळतोय. लग्नाच्या वेळी पाहिल्या होत्या. विचारायचा धीर झाला नव्हता.

५ मार्च
फ्रेमा पेपरात गुंडाळताना विचारलं. लाऊ पायरीवरच बसले.
वडिलांची लिव्हरपूलला लाँड्री. हे अगदी लहान. एका म्हाताऱ्या गिऱ्हाईक बाईने तिच्या आजीच्या अल्बममधलं असलंच जाहिरातीचं चित्र यांना दिलं, इस्त्री करणारा वेणीवाला. प्रेमानेच दिलं. यांना वाटलं, बाबांचं चित्र. काउंटरमागे चिकटवलं. लोक हसायचे, यांना वाटायचं खूश झाले. वडिलांनी पाहिलं. दुकान बंद होईपर्यंत चित्र तिथेच.
"मी लावलं होतं, म्हणून त्यांनी काढलं नाही."
दुकानाबरोबर ते गेलं. तेव्हापासून जुन्या बाजारांत शोधतायत. बाकीची सगळी मिळाली, तेवढं नाही.
मग वडिलांबद्दलच बोलत राहिले. स्टार्चचा वास, कॉलरींच्या चळती. काम संपलं की वडील यांना उचलून इस्त्रीच्या गरम टेबलावर बसवायचे. इंग्लंडात तेवढी ऊब पुन्हा मिळाली नाही म्हणाले.
डॅनियलला यातलं काही माहीत नाही. सांगायचंही नाही, असा लाऊंनी माझ्याकडून शब्द घेतला. नातवाने आजोबांची कीव करायला नको.

८ मार्च, शनि.
व्हॅन आली. डॅनियलही. जाहिरातींचं खोकं हॉलमध्ये. मला किचनमध्ये गाठून म्हणाला, शाळेत पोरं डोळे ताणून चिडवायची, आणि रोज झोपायला जाताना त्याच चेहऱ्यांखालून जिना चढायचा. हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.
"काय दिसतं त्यांना यात?"
शब्द दिलेला. म्हटलं, "त्यांनाच विचार. आज, इथेच."
दाराशी जरा घुटमळला, मग आत वडिलांकडे गेला. 'लाँड्री' एवढं ऐकू आलं. चहा तयार होता, मी नेला नाही.
व्हॅनवाल्याने विचारलं, हे खोकं चढवायचं का.
थांबायला सांगितलं.