इंजिनाची दोरी

वाघाचा पाडा, पो. डोळखांब
७ ऑक्टोबर २००३

चि. महिपत यास ताईचे अनेक आशीर्वाद. लिहायची रीत म्हणून लिहिले आहेत, मनातून अजून निघत नाहीत.

खंडेनवमीला खर्डीहून नणंदेकडून परत आले आणि हळदकुंकू, झेंडूची माळ घेऊन थेट धरणावर गेले. पूजा करू कुणाची? माझ्या पाच घोड्यांच्या इंजिनाच्या जागी एक काळा राक्षस लटकलेला! माझा पुतण्या साईनाथ दात काढून सांगतो की काकू, महिपतमामांनी पंधराचं बसवलंय, आता बघ होडी कशी पळते ती. आणि जुनं म्हणे तू वसईला बदलीत देऊनसुद्धा टाकलंस. मला न विचारता! मी काय मेले होते काय रे?

मागची फळी जाड केलीस, पट्ट्या मारल्यास, पंखा पाण्यात किती बुडतो तेही मोजलंस. सगळं मोजलंस, फक्त चालवणारी बाई मोजायला विसरलास. इंजिन चालू करायची दोरी ओढून बघितली. अर्धी येते आणि मलाच मागे खेचते. शेवटी होडीत बसकण मारली आणि काठावर शेजारची सकुबाई पदर तोंडाला लावून हसली.

इथे इंजिन कुणी रात्रभर होडीवर ठेवत नाही, हे तुला ठाऊक आहे. जुनं मी चुंबळ करून डोक्यावरून घरी आणत होते. हे धूड उचलायला साईनाथच लागतो. सकाळी दोरी ओढायलाही तोच. तो उन्हं वर आल्याशिवाय उठत नाही, तोवर जाळ्यातला मासा मरून पांढरा पडतो. व्यापारी नाक मुरडून निघून जातो.

माझं इंजिन परत आण. लोभ आहे, पण सध्या रागाखाली दबला आहे.

देवकी


मुरबाड
११ ऑक्टोबर २००३

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. त्यातला मार पाठीला लागला. लोक भाऊबीजेला बहिणीला साडी देतात, मी आगाऊच इंजिन दिलं, तर राक्षस काय आणि धूड काय! गॅरेज बंद ठेवून वसईला खेटे घातले, ते कुणासाठी? जुनं आता मिळायचं नाही. ते घेऊन कुणी खाडीत गेलासुद्धा.

ताई, तुला आठवतंय का, वैशाखातला तो वारा? मी काठावर उभा होतो. तू इंजिन पुरतं पिळलं होतंस, तरी होडी माझ्या डोळ्यांदेखत मागेमागेच जात होती. पलीकडच्या कड्याखाली तू सापडलीस ते नशीब. तू हसत उतरलीस आणि आधी जाळं फाटल्याचं सांगितलंस. मी मात्र मुरबाडला येईपर्यंत मोठ्या इंजिनाचाच हिशोब करत होतो. त्या लहान इंजिनावर तुला पुन्हा बघायची माझी तयारी नाही. तू रागावशील, तरी लिहितो, तुझं आता वय झालं. साईनाथ रिकामाच आहे. त्याला चालवू दे. तू काठावर बसून मासळी वजन करून दे.

थोरल्या बहिणीने धाकट्याचं एवढं तरी ऐकावं, ही विनंती.

तुझा,
महिपत


वाघाचा पाडा
१५ ऑक्टोबर २००३

चि. महिपत यास आशीर्वाद.

काठावर बस म्हणालास, ते गावाने ऐकल्यासारखं झालं. काल मच्छीमार सोसायटीचे चेअरमन घरी आले. चहा प्यायले आणि मग बोलले, की वहिनी, परवाना जो मशीन चालवतो त्याच्या नावावर पायजे, तुमच्याच्यानं तर आता ते चालूसुदा होत नाय, रविवारच्या सभेत साईनाथचं नाव लावू, तुमी लय केलंत, आता आराम करा. माझ्या घरात, माझ्या चटईवर बसून!

तुझे भाऊजी गेले तेव्हाही हीच माणसं आराम सांगायला आली होती. तेव्हा यांना दाराबाहेर काढणारा तू होतास. मिसरूड फुटलं नव्हतं तुला, पण ताई होडी सोडणार नाही, असं तू यांच्या तोंडावर सांगितलं होतंस. आणि आज तूच ती माझ्या हातून काढून दिलीस.

तुला भीती वाटली ना? मग तसं लिहायचं होतंस. मी वाऱ्याच्या दिवशी घरी राहिले असते, तुझ्यासाठी राहिले असते. भीती वाटते म्हणून माणसाच्या हातातलं काढून घेतात काय? साईनाथचा दोष नाही. पण तो मला होडीत चढताना हात देतो रे! मला! परवा तो हात मी झिडकारला आणि मग घरी येऊन रडले.

रविवारपर्यंत काय करायचं ते मी बघते. तू काही करू नकोस, तेवढेच उपकार.

देवकी


मुरबाड
१८ ऑक्टोबर २००३

ती. ताईस, शि. सा. न.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. हाताची गोष्ट नसती लिहिलीस तर बरं झालं असतं. ताई, मला इंजिनाचं सगळं कळतं, बाकीचं नाही. दिवाळीत येऊन बॅटरी आणि बटन बसवून देतो. दोरी ओढायलाच नको. तोवर सभा पुढे ढकलायला सांग. हवं तर मी चेअरमनच्या पाया पडतो.

तुझ्या शिव्यांची वाट बघत असलेला,
महिपत


वाघाचा पाडा
२० ऑक्टोबर २००३

चि. महिपत यास अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून.

तुझं पत्र आज आलं, सभा काल झाली. कुणाच्या पाया पडायची गरज नाही.

माझ्याबरोबर जाळी ओढणारी मैना आहे ना, तिला मी सांगितलं की साईनाथ दोरी हातांनी ओढतो, आपण जाळ्यासारखी कमरेनं ओढून बघू. दोरीच्या मुठीला आडवी काठी बांधली, दोघी इंजिनाकडे तोंड करून शेजारी शेजारी बसलो, पाय फळीला रेटले आणि भरलं जाळं वर घेताना देतो तसा एकदम हिसका दिला. दोन दिवस नुसतं खोकलं मेलं. तिसऱ्या दिवशी असं गरजलं की मैना माझ्या अंगावर पडली. घरी नेताना बांबूला बांधून दोघी खांद्यावर घेतो.

सभा काठावरच होती. चेअरमन कागद काढत होते, तेवढ्यात आम्ही दोघींनी सगळ्यांसमोर इंजिन चालू केलं आणि धरणाच्या मध्यापर्यंत जाऊन आलो. परत येईपर्यंत कागद खिशात गेला होता. सकुबाई मोठ्यानं म्हणाली की आता कुनाचं नाव लावताव ते लावा. परवाना माझ्याच नावावर राहिला. मैनाचं नाव मदतनीस म्हणून खाली घालायला लावलं.

इंजिन मात्र परत मागू नकोस. वारा अंगावर घेऊन सरळ जातं, मला आवडलं. हे कबूल करताना जीभ अडखळते, तरी लिहिते. बटन बसवायचंच असेल तर साईनाथसाठी बसव, त्याचा खांदा दुखतो म्हणतो.

राग गेलेला नाही, पण ओवाळायला आडवा येणार नाही. भाऊबीजेला ये. तुला धरणावर फिरवून आणीन. मधल्या फळीवर बसायचं आणि घट्ट धरायचं. मागे इंजिनापाशी मी बसते.

देवकी