हात खरंच पिसतात

दि. २ मार्च

चि. सुईबाईस आजीचे अ. आ.

पहिला आला तो तुझा मामा, त्याच्या मागून रिकामी बॅग, आणि बॅगेमागून तुझी मामी. चहाला आधण यायच्या आत मामाने माझं कपाट उघडलं आणि हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगून मोकळा झाला, की आई, आता तू आमच्याकडेच राहायचं.

कारण काय, तर दूध उतू जाऊन मजलाभर धूर झाला आणि माझ्या किल्ल्या फ्रीजमध्ये सापडल्या. हे त्याला कळवलं खालच्या शिंप्याने. मेल्याने माझ्या पडद्याची उंची दोनदा चुकवली, तेव्हा मी कुणाला कळवायला गेले होते का?

मी मामाला म्हटलं, डोकं गेलंय वाटतं तर परीक्षा घे. तो म्हणाला, याची परीक्षा नसते. मी म्हटलं, असते. डोकं गेलेल्याला नवीन काही शिकता येत नाही. मी शिकून दाखवते, नाही जमलं तर मुकाट्याने येते. बोलून तर बसले, आता निस्तरायचं तुला. सुई टोचायच्या आधी वॉर्डातल्या पोरांना तू पत्त्यांची जादू करून दाखवतेस ना, ती लिहून पाठव. फोनवर तुझं अर्धं बोलणं खरखरीतच जातं. दोघं पंधरा तारखेला परत येतायत.

इथे माझी खोली आहे, माझी किल्ली आहे, दुपारची रमी आहे. तिकडे खिडकी उघडायची तरी विचारावं लागेल.

अक्षर लावून वाच. शाळा तिसरीतच सुटली. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

दि. ५ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र डबा खाताना वाचलं आणि मोठ्या सिस्टरांनाही दाखवलं. पडद्यापाशी त्यांना ठसका लागला.

जादू अशी. कॅट हातात घेताना सगळ्यात खालचं पान गुपचूप बघून ठेवायचं. मग पिसायचं, पण खोटं. वरची पानं हवी तशी फिरवायची, खालचं मात्र बोटांनी दाबून जागेवरच ठेवायचं. समोरच्याला एक पान ओढू दे, बघू दे, वर ठेवू दे. मग त्यालाच कॅट कापायला सांगायचं आणि खालचा भाग वर ठेवायचा. झालं, तुझं पान त्याच्या पानाच्या डोक्यावर बसलं. आता एकेक पान उलटत जा. तुझं ओळखीचं आलं की पुढचं त्याचं. मधे बोलत राहा, ते तुला शिकवायला नको.

किल्ल्यांचं ऐकून मलाही काळजी वाटली, खोटं कशाला सांगू. जपून राहा. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी सुईबाई

दि. १० मार्च

चि. सुईबाईस आ.

जादू कळली, हात ऐकत नाहीत. चाळीस वर्षं रमीला सगळे कॅट माझ्याच हातात देतात, कारण मी घुसळून काढल्यासारखी पिसते. आता एक पान दाबून ठेवायचं म्हटलं की बोटं आपोआप सुटतात. काल समोरच्या न्हाव्यावर केली. दोनदा जमली, तिसऱ्यांदा त्याचं पान कुठे गेलं ते देवालाच ठाऊक. तो म्हणाला, आजी, रमीला तर असं करत नाही ना? आज रमीच्या टेबलावर तो सारखा माझ्या हाताकडेच बघत होता.

माया असू दे.

आजी

दि. १६ मार्च

चि. सुईबाईस अ. आ.

काल झालं एकदाचं. इस्पिक छक्की बघून ठेवली, पिसले, मामाने पान ओढलं, कापलं. गप्पा मारत मारत उलटत गेले. छक्की आली, पुढची चौकटची राणी. मी म्हटलं, हीच तुझी. मामा म्हणाला, हो आई, हीच.

अगं, हा मुलगा जन्मात माझ्या बोलण्याला हो म्हणाला नाही. मी ऊन म्हटलं की हा सावली म्हणायचा. त्याने अशी गरीब मान हलवली तेव्हाच मी ओळखलं, हा मला सांभाळून घेतोय.

तेवढ्यात मामी म्हणाली, अहो, खोटं काय बोलता, तुमची किलवर तिर्री होती, मी पाहिली. तो तिच्यावर डोळे वटारायला लागला. मी म्हटलं, तिला नको दटावू. छक्की माझ्या पक्की लक्षात होती. पिसताना तुझ्या पोराचं विचारलं ना मी, तेव्हा बोट सुटलं आणि छक्की शेवटच्या गड्डीबरोबर वर गेली. डोकं नाही चुकलं, हातानेच खरंखरं पिसलं.

मामी म्हणजे दिवसभर लायसन्सला आलेल्या लोकांना गाडी चालवायला बसवून नापास करणारी बाई. ती मामाला म्हणाली, माझ्याकडे चूक कुठे झाली ते ज्याला सांगता येतं त्याला मी पुढची तारीख देते. आई इथेच राहतील. पण दूध तापताना ओट्यापासून हलायचं नाही, आणि किल्ली दाराच्या खिळ्यालाच. मी कबूल केलं. तिने स्वतः खिळा ठोकला, वाकडा ठोकला, मी त्यालाच किल्ली अडकवली. मामा जाईपर्यंत वाद घालत होता की बोट सुटलं नव्हतं, मी छक्कीच विसरले होते. पुन्हा आपलं ऊन म्हटलं की सावली, ते ऐकून बरं वाटलं.

तुझी आठवण काढते, तशी तूही काढत जा. फेरपरीक्षेला दोघं एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी येतो म्हणालेत.

तुझी आजी