उत्तराची रिंग

बाबा, आज शेवटी तो प्लॅन घेतला. तेलीबांध्याच्या मोबाइलच्या दुकानातली काउंटरवरची बाई मला आता लांबूनच ओळखते, कारण गेल्या दहा दिवसांत मी तिच्याकडे पाच वेळा गेले आणि त्यातल्या चार वेळा "घरी विचारून सांगते" म्हणून परत आले. घरी विचारायला कोण बसलंय? तुमची नात कॅनडात आहे, तिला सातवा महिना लागलाय आणि मी पुढच्या आठवड्यात तिच्याकडे निघाले आहे. सहा महिने नक्की, व्हिसा वाढला तर आणखी. डिंकाचे लाडू झाले, बाळाची दुपटी शिवून झाली, गरम कपडे बांधून झाले. घोडं अडलं ते फोनपाशी. दुकानातली बाई बिचारी दर वेळी तेच नव्यानं समजावते. "मॅडम, छोटा रिचार्ज करा लो, रोमिंग चालू कर देती हूँ. नंबर बंद नहीं होगा, बँक का ओटीपी आ जाएगा. बात करने के लिए वहाँ का सिम ले लेना." मी विचारते, आणि कुणी या नंबरावर फोन केला तर? "रिंग जाएगी. उठाओगे तो पैसा कटेगा, नहीं उठाओगे तो कुछ नहीं." तिच्याकडे दुसरा एक मोठा प्लॅन आहे, त्यात तिकडे आलेले फोन घेता येतात. पण तो दर महिन्याला न चुकता नवा करावा लागतो, आणि इतक्या लांबच्या मुक्कामाला तो कोणीच घेत नाही, हेही तीच सांगते.

मला भीती आईची आहे. ती इथेच रायपुरात, तात्यापाऱ्यात माझ्या भावाकडे असते, ब्याऐंशीची झाली, आणि व्हॉट्सॅपचं नाव काढलं की तोंड फिरवते. तिच्याजवळ बटणांचा फोन आहे. एक नंबरचं बटण दाबून धरलं की मला लागतो, एवढंच तिला येतं आणि एवढंच तिला हवं असतं. सकाळी आंघोळ झाली की एक रिंग, संध्याकाळी गोळी घेतली की एक रिंग. मी उलटी एक रिंग देते. इतक्या वर्षांत आमचं सगळं बोलणं यातच होतं, बाकी बोलायचं असेल तर मी रिक्षा करून जाते. कॅनडातून रिक्षा मिळत नाही. हे सगळं मी तुमच्या नातीला सांगितलं, तर ती पडद्यावर पोटावर हात ठेवून हसली. "मम्मी, नानी तो वैसे भी मिस्ड कॉल ही देती है. छोटा वाला ले ले. रिंग दिखेगी, तू उठाना मत, बाद में वाय-फाय से लगा लेना." पोरीचं काही चुकत नव्हतं. हिशेब तिचाच बरोबर होता. पण ती "उठाना मत" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दुकानात जाऊन मोठ्या प्लॅनचं विचारून आले.

तुम्हाला ते लहान स्टेशन आठवत असेल. तुम्ही असिस्टंट स्टेशन मास्तर, क्वार्टर फलाटाला लागून, आणि मी शाळेतून आले की तुमच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची. टेबलावर शेजारच्या स्टेशनशी बोलायचं यंत्र होतं, त्याला घंटा. एक ठोका म्हणजे लक्ष दे, दोन म्हणजे लाइन मोकळी आहे का, चार म्हणजे गाडी पोचली. सहा म्हणजे धोका, सगळं सोडून ऊठ. आणि जितके ठोके आले तितकेच परत वाजवायचे, म्हणजे पलीकडच्याला कळतं की आपलं ऐकलं. मला पाढ्यांच्या आधी ते पाठ झालं होतं. एकदा तुम्ही डबा खात होता आणि मीच उठून उत्तराचा ठोका दिला, तेव्हा तुम्ही तसाच खरकटा हात वर करून मला बाहेर काढलं होतं. "न मोजता उत्तर देत नसतेत, पोरी. त्या गाडीत माणसं बसली असतेत." मी आईच्या पदरात जाऊन रडले. संध्याकाळी तुम्ही मला फलाटावर नेऊन शेंगदाणे घेऊन दिले, पण चूक झाली ती झालीच, असंही सांगितलंत.

मग तुम्ही रिटायर झालात, आपण रायपूरला आलो, राज्य नवं झालं आणि मला मंत्रालयात नोकरी लागली. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत आमचं ऑफिस, जिथे पूर्वी खाटा होत्या तिथे आमची टेबलं. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या हातात मोबाइल ठेवला. स्वतःसाठी आधी घेतला नाहीत, माझ्यासाठी घेतलात. आईनं गोल बाजारातून आणलेल्या कापडाचं त्याला कव्हर शिवलं, इतकं घट्ट की वाजला की बाहेर काढेपर्यंत बंद व्हायचा. वर्षभरानं तुमचाही आला आणि तुम्ही लगेच नियम काढलेत. नागपूरला जाताना डोंगरगड गेलं की रोमिंग लागतं, तेव्हा फोन बंद. गोंदिया आलं की सुरू करून एक रिंग, म्हणजे ठीक आहे. मी उलटी एक रिंग द्यायची, की पुन्हा बंद. पहिल्याच खेपेला मी आनंदानं फोन उचलला आणि तुम्ही गोंदियाहून ओरडलात, "उचलला काहून? रोमिंगात आहो ना मी." एवढंच बोलून कापलात. शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. त्यानंतर मी कधी उचलला नाही.

त्या दिवशीही नाही. तुम्ही नागपूरला आत्याकडे निघाला होता. दुपारची वेळ, साहेबांसमोर फाइल उघडलेली, आणि टेबलावर तुमचं नाव चमकलं. मी उचलला नाही. वाजायचा थांबला तशी मी नियमाप्रमाणे एक रिंग दिली आणि फाइलीत डोकं घातलं. तासाभरानं तुमच्याच फोनवरून एक परका माणूस बोलला. गोंदियाच्या फलाटावर बाकड्यावर बसल्या बसल्या तुम्ही गेला होता. फोन हातातच होता, असं तो म्हणाला. घरी आल्यावर आईनं एकच विचारलं, बाबांची रिंग आली होती का. मी म्हटलं, आली होती. ती म्हणाली, "एक?" मी मान हलवली. त्यावर ती शांत झाली. गोंदियापर्यंत माणूस ठीक होता, मग जे झालं ते पटकन झालं, असं तिनं स्वतःला समजावलं आणि आल्यागेल्याला तेच सांगत राहिली. इतकी वर्षं ती त्या एका रिंगेवर जगते आहे.

तर आज मी मोठा प्लॅन घेतला. दुकानातल्या बाईनं दोनदा विचारलं, "पक्का ना?" मी म्हटलं, हव. निघायच्या आधी चालू करायचा की उतरल्यावर, तिकडचं नेटवर्क आपोआप पकडेल की हातानं निवडावं लागेल, सगळं तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि तरी वाटेत ई-रिक्षातून फोन करून पुन्हा विचारलं. कधी संपतो त्या तारखांना कॅलेंडरवर गोल केले. मग तशीच तात्यापाऱ्यात गेले. आईला म्हटलं, आता मी लांब चालले, आता रिंग कापायची नाही, मी उचलेपर्यंत वाजू द्यायची. सराव करू. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. एक रिंग आली आणि बंद. पुन्हा एक, पुन्हा बंद. चार वेळा असं झालं. बाहेर येऊन मी जरा चिडूनच विचारलं, काहून कापतेस? ती म्हणाली, "हात आपसूक जाते व माहा. आपल्या घरात उचलत नसतेत. तुह्या बाबानं तर जातानाही नियम नाही मोडला. एकच रिंग देल्ली न त्याईनं?"

मी म्हटलं, हव, एकच.

पाचव्या वेळेला तिनं दोन्ही हातांनी फोन धरला आणि कापला नाही. मी दुसऱ्या रिंगेला उचलला. पलीकडून नुसता तिचा श्वास, भिंतीतूनही आणि फोनमधूनही. मग म्हणाली, "उचलला तू. आता मी बोलू काय?" मी म्हटलं, काही नको बोलू, नुसता लाव. तिथे पहाट असो की काहीही असो, मी उचलीन. "पैसे लागतीन," ती म्हणाली. लागू दे, म्हटलं. तिनं फोन ठेवला आणि मला चहा टाकायला सांगितला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, पासपोर्टच्या कव्हरात ठेवते, म्हणजे आईच्या हाती लागणार नाही. त्या दिवशी अकरा रिंगा होत्या, बाबा. मी मोजल्या. सहाच्या पुढे गेल्या तेव्हाही मोजत होते, कारण साहेब समोर होते, तुम्ही कापत नव्हता आणि मला तुमचा राग येत होता. आणि उत्तर मी एकच दिलं.