दगडातले बेडूक

मिस्त्री, सुकापूरच्या विहिरीत तुम्ही मला एक प्रश्न विचारला होतात आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं होतं. तुम्हाला जाऊन आता सतरा-अठरा वर्षं होतील. आजच लिहायला बसलो, कारण काल माझ्या खाणीत तोच थर लागला.

सुरुंगाची वात पेटवण्याआधी खड्ड्यात पडलेला प्रत्येक बेडूक टोपलीत घालून वर पाठवायचा, ही तुमची रीत. आम्ही गडी मागे हसायचो. "पानी राखनारा तोच हाय," तुम्ही म्हणायचात, "त्यालाच उडवलास तर हीर कुनाच्या भरवशावर सोडशील?" माझं काम कानाचं. पहारीने खडक ठोकायचा, कान लावायचा आणि सांगायचं, भरीव आहे, पोकळ आहे की मागे ओल आहे. चोविशीचा होतो. काडेपेटी मात्र तुम्ही कधी माझ्या हातात दिली नव्हतीत.

स्वराज्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. सोळा हातांवर काळा दगड संपतो आणि खाली शाळेच्या पाट्या रचून ठेवाव्यात तसा पातळ पापुद्र्यांचा थर लागतो. तुम्ही छिन्नीने एक पापुद्रा उचलता आणि तसेच बसून राहता. पाटीवर बेडूक. अंगठ्याएवढा, पाय पोटाशी घेतलेले, हाडन् हाड वेगळं दिसणारं. पुढच्या पापुद्र्यात दोन. त्याच्या खाली पाच. "झोपलेत रं," तुम्ही हळूच म्हणालात. मला ते खुळेपणाचं वाटलं नाही. भर वैशाखात शेताचा बांध खणताना ढेकळासारखे कोरडे बेडूक आपण दोघांनी काढले होते आणि पाणी शिंपडल्यावर ते चालत गेलेले पाहिले होते. हे थोडे जास्त वाळलेत, एवढंच.

मग चार दिवस तुम्ही बारीक छिन्नीने पापुद्रे सोडवत होतात. टोपल्या वर जायच्या, तिथून गावच्या तळ्यातल्या उरल्यासुरल्या चिखलात. बायका नदीच्या वाळूत खड्डे करून वाटी-वाटीने पाणी भरत होत्या. एक म्हातारी काठावरून ओरडली, "मिस्त्री, आमची हीर खनताव का बेडकांचं बालंतपन करताव?" तुम्ही खालूनच म्हणालात, "थांब गो माय, अजून जुली हायत आत." सगळे हसले. पाचव्या दिवशी कोणी हसलं नाही. ढग आले होते. पावसाआधी थर फुटला नाही तर बाजू ढासळणार, वर्ष वाया जाणार आणि गाव दुसरा मिस्त्री आणणार. तुमची कंबर धरली होती. तुम्ही मला खाली बोलावलंत. "तुजा कान लाव. आत कोन राह्यलाय का?"

मी कान लावला. टक्. मग बराच वेळ काही नाही. टक्, टक्. पाण्याचा आवाज मला कळतो, मिस्त्री. पाणी कोणासाठी थांबत नाही. हा आवाज मी श्वास रोखला की थांबायचा आणि सोडला की पुन्हा यायचा.

"काय?"

"काय नाय मिस्त्री. रिकामं हाय."

तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत आणि काडेपेटी माझ्या हातावर ठेवलीत. "मंग तूच पेटव."

पाणी गोड लागलं. त्या एका विहिरीच्या नावावर मला कामोठ्यापर्यंत कामं मिळाली, पुढे सुरुंगाची भोकं पाडायला कॉम्प्रेसर आला, मग खाण. त्या विहिरीत बेडूक मात्र राहत नाही. लोकांनी किती वेळा सोडले. सकाळी पाहावं तर सगळे कठड्यावर, पाण्याकडे पाठ करून. गावाला त्याचं काही नाही, पाणी स्वच्छ आहे म्हणतात.

तुम्ही तो पावसाळाभर तळ्याकाठी बसून पाट्या उलट्यापालट्या करत होतात. एकही हलला नाही. दिवाळीत तापाने पडलात तेव्हा विचारलंत, "खरंच रिकामं होतं ना रं?" मी हो म्हटलं. "बरं झालं," म्हणालात आणि भिंतीकडे वळलात.

दोन वर्षांपूर्वी मुंबईचे एक प्रोफेसर दगड बघायला आले होते. माणूस मोकळा, चहा पिऊन तासभर बोलला. म्हणे हा सगळा डोंगर जमिनीतून आग होऊन वाहिला. निवला, त्यावर माती साचली, तळं झालं, बेडूक आले. मग पुन्हा आग. त्या जातीचं आता पृथ्वीवर कोणी नाही. मी विचारलं, "आणि ती आग? विझली की झोपलीय?" ते हसले, म्हणाले, "विझली हो, कधीच." म्हणजे त्या दगडातून आवाज येणंच शक्य नव्हतं. आठ दिवस मला फार हलकं वाटलं. पण मी जे ऐकलं ते ऐकलंच होतं.

काल थर दिसल्यावर मुकादमाला सांगितलं, हा कोपरा सोडा, वरचा दगड कच्चा आहे. त्याने हातोडा मारून पाहिला. दगड भरीव, घंटेसारखा खणखणीत वाजला. तो माझ्याकडे बघत राहिला.

बायकांच्या हंड्यांसाठी किंवा ढगांसाठी मी खोटं बोललो, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. मला ती काडेपेटी हवी होती. तुम्हाला हे कळलं असावं, म्हणूनच दिलीत की काय, ते विचारायला आता कोणी नाही.

काल गडी जेवायला गेल्यावर मी त्या थरासमोर एकटाच बराच वेळ उभा होतो. कान लावला नाही.