ताईसाठी चार टायर

१ मार्च, शनिवार

टायर अकरा वर्षांचे निघाले! अकरा!

आणि गाडी घेताना मी ती विकणाऱ्या दातांच्या डॉक्टरांना तीनदा विचारलं होतं. ‘टायर कसे आहेत?’ – ‘नवेच समजा. गाडी चाललीय कुठे?’ खोटं बोलले नाहीत बिचारे. वरची नक्षी शाबूत आहे. मी स्वतः मोजपट्टी घालून खाचांची खोली मोजली होती, चारही टायरची, वहीत लिहून ठेवली होती. आज हवा भरायला गेलो तर टायरवाले खाली बसले आणि टायरच्या कडेवर लंबगोलात कोरलेले चार आकडे दाखवले. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. ‘साहेब, पळून पळून टायर झिजतो, पण उभा राहून राहून मरतो.’ अंगठा दाबून दाखवला. लाकूड! खाचांच्या तळाशी केसासारखे तडे.

मोजायचं ते सोडून बाकी सगळं मोजलं मी.

याच टायरांवर गेल्या रविवारी लेकीला शेजारी बसवून मोकळ्या रस्त्यावर एकशे दहाने गेलो होतो. काही झालं नाही. कुणाचे आभार मानायचे कळत नाही, म्हणून इथे लिहितो – आभार.

२ मार्च, रविवार

बायको विचारते, ‘वापरलेली का होईना, दोन सीटची रेसची गाडी आणि आपण तिघं! हिशोब काय?’ हिशोब असा की गाडी आपली नाहीच. ताईची आहे. बायकोला माहीत आहे, पण ती माझ्या तोंडून पुन्हा ऐकू इच्छिते. बहुतेक मी ते म्हणताना लाल होतो म्हणून.

आई-बाबा गेले तेव्हा मी अकराचा, ताई चोवीसची. तिने अंडी पोचवणाऱ्या गाडीवर ड्रायव्हरची नोकरी धरली. पहाटे घाऊक बाजारातून ट्रे भरायचे आणि दुपारपर्यंत बेकऱ्या, खानावळी, दुकानं. अट एकच: फुटलेलं अंडं ड्रायव्हरच्या नावावर. तडकलेली मात्र घरी न्यायची मुभा. ताईच्या हातून अंडं फुटायचं नाही, पण भरतानाच चार-दोन तडकलेली असायची. आम्ही वर्षानुवर्षं तीच खाल्ली. माझ्या पदवीत किमान दोन-तीन हजार तडकलेली अंडी आहेत.

तिच्या वाटेवर एका सिग्नलला काचेचं शोरूम होतं. सुट्टीच्या दिवशी मी ट्रेंच्या मध्ये बसून जायचो. सिग्नल लाल लागला की ताई खूश. आत अशीच एक बुटकी, रुंद, गडद हिरवी गाडी. ‘बघ रे, कशी बसलीय! ही वळणावर कलत नसणार. जमिनीला धरून जात असणार.’ ते शोरूम बंद होईपर्यंत एकोणीस वर्षं तो सिग्नल. एकदाही आत गेली नाही.

ताई आता छप्पन्नची होईल, बारा एप्रिलला. त्या दिवशी डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यावर ती ही गाडी चालवेल. एवढंच मला हवंय. पण लाकडाच्या टायरांवर नाही.

५ मार्च, बुधवार

बायको : ‘मला होकार द्यायला तू दोन दिवस घेतलेस. टायरला पाचवा दिवस चालू आहे!’

८ मार्च, शनिवार

तीन प्रकारांवर आलोय.

एक – शर्यतीच्या मैदानाचा चुलतभाऊ. खाचा नावापुरत्या, रबर मऊ. कोरड्या रस्त्यावर घोरपडीसारखा चिकटतो. पण आधी तापावा लागतो, आणि साठलेल्या पाण्यावर भरवसा नाही. दोन – वेगाचाच, पण पाणी बाहेर फेकणाऱ्या रुंद खाचांचा, ओल्यात लवकर थांबणारा. वळणावर पहिल्यापेक्षा थोडा कमी धारदार. तीन – शांत, मऊ, आरामाचा. तीन बाद. ताईला आरामखुर्ची द्यायची असती तर आरामखुर्चीच आणली असती.

माझं मन पहिल्यावर आहे. ताईसारखा हात असलेल्या माणसाला दुसऱ्या नंबरचं का द्यायचं? पण मग स्वतःलाच विचारलं – हे तिच्यासाठी, की ‘बघा, सगळ्यात भारी बसवले’ हे मला म्हणता यावं म्हणून? उत्तर आलं, आवडलं नाही.

९ मार्च, रविवार

सांगितलं!

ताईच्या दारात गाडी उभी केली आणि बेल दाबली. ती बाहेर आली, थबकली. मग गाडीच्या नाकापासून शेपटीपर्यंत तळहात फिरवत सगळी फेरी मारली. घोड्याला चोळतात तशी. दुसऱ्या फेरीत म्हणाली, ‘रंगसुद्धा तोच रे.’ मग मला ओढून घेतलं आणि माझ्या खांद्यावर इतका वेळ डोकं ठेवून उभी राहिली की शेजारच्या खिडकीतला पडदा हलला.

किल्ली पुढे केली. ‘आज तू चालव. मला नुसतं बसून बघू दे.’ आग्रह केला तर टायरवर अंगठा दाबून म्हणाली, ‘तुझ्या या टायरांवर? शंकासुरा, मला मारायला आणलीस होय?’ बरोबरच आहे. वीसच्या वेगाने गल्लीला चक्कर मारली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

आत चहा करताना मेजाच्या कोपऱ्याला तिची नडगी आपटली. पायावर आधीचेही दोन काळेनिळे डाग होते. ‘घर लहान आणि मी आडमाप,’ म्हणाली.

इतका आनंद मी कुणाला दिल्याचं मला आठवत नाही. देवघेव अजून बरोबरीची नाही, कधी होणारही नाही. तरी.

११ मार्च, मंगळवार

आज दवाखान्यात माझ्याकडे श्रवण-तपासणीला एक आजोबा. कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. पठ्ठ्या दर तीन सेकंदांनी दाबतोय! म्हटलं, ‘आजोबा, मी मशीन अजून सुरूच केलं नाहीये.’ तर म्हणाले, ‘मग मी जास्तच चांगलं ऐकतो की!’ बरोबर आलेली सून हसून लोटपोट.

बावीस वर्षांत एवढं मात्र आलंय. कोण खरंच ऐकतंय आणि कोण निभावून नेतंय, मला चेहऱ्यावरून कळतं.

१५ मार्च, शनिवार

टायरवाल्यांची अट – ‘जो चालवणार त्याला घेऊन या. गाडी बघून टायर देत नाही मी.’ हे ते सगळ्यांनाच म्हणत असणार. पण ताईला नेलं.

दुकानात शिरल्या शिरल्या तिने खोल श्वास घेतला. ‘नव्या रबराचा वास! आमच्या गाडीला कधी लाभला नाही. नेहमी दुसऱ्याचे उतरलेले.’ टायरवाल्यांनी स्टूल दिलं, ती बसली नाही. एकामागून एक टायर हाताने चाचपत गेली. एका टायरच्या कडेवरून बोट फिरवलं, न बघताच, आणि म्हणाली, ‘हा गेल्या वर्षीचा. पंचेचाळिसावा आठवडा.’ टायरवाले पुढे झाले, वाकले, आकडे वाचले. पंचेचाळीस! ‘ताई, दुकानात काम हवंय का?’ माझी छाती दोन इंच फुगली.

मग त्यांनी प्रश्न सुरू केले.

‘ब्रेक लवकर लावता, की वळण तोंडावर आल्यावर?’

‘लवकर. फारच लवकर. मागचा हॉर्न वाजवतो.’

मी चमकलो. ताई? हिचा पाय ब्रेकवर गेलेला मी लहानपणी बघितलाच नव्हता!

‘पावसात?’

‘घाबरून. हात घट्ट आवळून. एकदा ओल्यात घसरायला झालं होतं, ते मनातून गेलेलं नाही.’

‘वेगाची हौस?’

‘हौस आहे, धाडस नाही. पण ते येईल. टायरने आधी भरवसा दिला तर.’

‘रोज चालणार, की सुट्टीला?’

‘रोजच चालली पाहिजे. उभी नाही ठेवायची.’

टायरवाल्यांनी सरळ दोन नंबरवर हात ठेवला. मी पहिल्याचं नाव काढलं. ताई म्हणाली, ‘तो तापेपर्यंत माणूस गार होईल रे.’ टायरवाले एवढे हसले की त्यांना खोकला आला.

दोन नंबर ठरला. पुढचे अरुंद, मागचे रुंद. पुढच्या शनिवारी येतील.

१६ मार्च, रविवार

कालची ताईची उत्तरं वहीत लिहून पुन्हा वाचली.

माझी ताई घाबरून चालवते? ओल्यात घसरलो तो मी होतो! पंचवीस वर्षांचा होतो. तिला ताप होता म्हणून तिची गाडी घेऊन निघालो आणि पुलाच्या उतारावर सगळे ट्रे आडवे. पिवळा लगदा दारातून गळत होता. ताई ताप घेऊन आली, दार उघडलं, बघितलं आणि म्हणाली, ‘ऑम्लेट मोठं झालं.’ कधीच बोलली नाही त्यावरून. पगारातून किती कापले तेही सांगितलं नाही.

म्हणजे तिचीही कधी घसरली असेल. मला कळू दिलं नसेल. किंवा वय. मागच्या वर्षी नोकरी सोडली ती गुडघ्यांमुळे, असं म्हणाली होती. माणूस म्हातारं होतं हे आपण आपल्या माणसाच्या बाबतीत मानत नाही. मी तिला चोवीसचीच धरून बसलोय.

फोन केला. ‘ताई, तुला नक्की तोच टायर हवाय? माझ्यासाठी म्हणून नाही ना घेतलास?’ ती म्हणाली, ‘जेवलास का?’

२२ मार्च, शनिवार

बसले!

जुने उतरवल्यावर एकाची आतली कड बघितली. बोटभर चीर. टायरवाल्यांनी ती बोटाने उघडून दाखवली. घरी येऊन लेकीच्या डोक्यावर उगाच टपली मारली. ‘काय झालं बाबा?’ काही नाही. काही झालं नाही, हेच झालं.

आणखी एक गोष्ट कळली. नवा टायर साच्यातून सुटावा म्हणून त्याला काहीतरी बुळबुळीत लावतात, ते पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरात घासून जातं. तोवर जोरात वळायचं नाही, जोरात ब्रेक नाही. ताई लगेच म्हणाली, ‘मग तेवढं तू घासून आण. मी शेजारी बसते.’

२३ मार्च, रविवार

ऐंशी किलोमीटर. ताई शेजारी, मांडीवर हात, अंड्यांचा ट्रे धरल्यासारखी.

‘आता पाय काढ. नुसता काढ. ब्रेक नको.’ – ‘ताई, वळण!’ – ‘दिसतंय तुला वळण, मग तिकडेच बघ. माझ्याकडे काय बघतोस?’ आणि वळण झालं. गाडी कलली नाही. जमिनीला धरून गेली! ‘बघ,’ ती म्हणाली, ‘मी काय म्हणत होते!’ एकतीस वर्षांपूर्वीच्या सिग्नलवर म्हटलेलं ती आज खरं करून घेत होती.

बाजूने कुणी आलं की पूर्ण मान वळवून बघते. मान आखडलीय म्हणाली. शेक घे म्हटलं.

३० मार्च, रविवार

आणखी नव्वद. चालवायला शिकवावं तर ताईने. तेव्हाही लायसनच्या परीक्षेत दोनदा नापास झालो तरी तिने पेढे वाटल्यासारखं लोकांना कौतुकाने सांगितलं होतं – ‘आमचा सावध चालवतो!’

६ एप्रिल, रविवार

पाऊस! अवेळी, आडवा. मी कडेला थांबायला निघालो. ताई म्हणाली, ‘चालव. टायर कशाला घेतलेत?’ पुलाच्या उतारावर – तोच पूल – हात आवळले. तिने माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. ‘सैल.’ सोडले सैल. टायरांनी पाणी दोन्हीकडे फेकलं आणि गाडी सरळ, सुतासारखी खाली आली.

अठरा वर्षांनी त्या पुलावरून पाण्यात गेलो. उतारावर मोठ्याने हसलो मी, एकटाच. मग तीही.

टायरवाल्यांचे, पावसाचे, दंतवैद्यांचेसुद्धा – सगळ्यांचे मनापासून आभार. माझा पहिला नंबर चुकीचा होता. बरं झालं ताईने ऐकलं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

दोनशे साठ किलोमीटर झाले. टायर तयार. हवा सकाळी गार टायरवर तपासली. दोनदा. बरं, तीनदा.

उद्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत मी. तिथून ताई.

१२ एप्रिल, शनिवार

पायथ्याशी उतरून किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती परत माझ्या मुठीत दाबली. ‘काचबिंदू,’ म्हणाली. दोन्ही डोळ्यांच्या कडा गेल्यात, समोरचं तेवढं दिसतं. नोकरी त्याच्यासाठीच सोडली, आणि लायसन जानेवारीतच परत करून टाकलं. ‘दारात उभा होतास, तोंडभर हसत. कुठल्या तोंडाने सांगू?’

आणि मी म्हणे चेहऱ्यावरून ओळखतो!

‘मग टायरवाल्यांना ते सगळं – ब्रेक, पाऊस –’

‘तुझं सांगितलं. मला घेऊन तूच फिरणार ना? चल शंकासुरा, पाय काढ ब्रेकवरून.’

चौदा वळणं मी चालवली. वर पोचल्यावर ती म्हणाली, ‘एकही अंडं फुटलं नसतं.’