ऑल्डरविक घराण्याची वारस नोंद

२ मार्च, रविवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. कारण तेवढंच मोठं आहे.

चिरंजीव तेजस (मुक्काम इंग्लंड, कॉम्प्युटरचं काम) यानं काल फोटो पाठवला. त्याच्या गावाजवळचं जुनं चर्च. आत एक दगडी माणूस आडवा, हात जोडलेले, पायाशी दगडी कुत्रा. सर वॉल्टर ऑल्डरविक, मयत सन १३९१. मागच्या भिंतीवर एक कागद: कोणाला माहिती असल्यास चर्च समितीस कळवावे. कागदाचा वरचा भाग फोटोत कापला गेलाय, पण हेतू उघड आहे. घराण्याचे वारस लागत नाहीत.

मी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो. वारस नोंदीत माझा हात धरणारा जळगाव जिल्ह्यात कोणी नव्हता. इंग्लंड म्हणजे तरी काय, एक मोठा तालुका. गुढीपाडव्यापर्यंत वंशावळ पूर्ण करून पाठवायची असा संकल्प केला.

दिपमाला (सौभाग्यवती) म्हणाली, गच्चीवरची टाकी गळतेय. तिला म्हटलं, पाडव्यानंतर.

३ मार्च, सोमवार.
इंटरनेटवर जुने इंग्रजी कोर्टाचे कागद छापील मिळतात. फुकट. वाचायला सुरुवात. पद्धत आपलीच. वर मयत खातेदार: सर वॉल्टर. खाली वारस: मुलगा रॉबर्ट (सज्ञान), मुलगी ॲलिस (विवाहित). कुत्रा नात्यात धरला नाही.

वॉल्टरच्या बायकोचं माहेरचं नावही ऑल्डरविकच निघालं. म्हणजे एकाच कुळात लग्न. हे शक्य नाही. लिहिणाऱ्याची चूक असणार. ती नोंद रद्द केली.

६ मार्च, गुरुवार.
एक खाजगी बाब. आबा (वडील) गेल्यावर आमच्या जामनेरच्या वावराच्या उताऱ्यावर दोन नावं लागली: माझं आणि अक्काचं. नोंद मीच केली, नियमाप्रमाणे. पण ज्यानं जन्मभर दुसऱ्यांचे उतारे साफ केले त्याच्याच उताऱ्यावर दोन नावं, हे बरं दिसत नाही. मला जमिनीचा मोह नाही. उतारा सुटसुटीत असावा, इतकंच.

अक्का म्हणजे कुंदाबाई, माझी मोठी बहीण, शिंदखेड्याला दिलेली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येईल. आल्यावर हक्कसोडपत्र करून घ्यायचं. सगळ्याच बहिणी करतात. साडी घ्यायची, सांजोऱ्या खायला घालायच्या, जामनेरला रजिस्ट्रीला न्यायचं, संध्याकाळपर्यंत मोकळे. माझ्या टेबलासमोर कितीतरी बहिणींनी हसत सह्या केल्या. काही रडल्याही, पण ते माहेरच्या आठवणीनं.

एकदम विषय काढणं बरं नाही. आधी बोलणं वाढवायला हवं. उद्यापासून फोन.

७ मार्च, शुक्रवार.
अक्काला फोन केला. तिनं पहिल्यांदा विचारलं, कोण गेलं? म्हटलं, कोणी नाही, सहज. तिला ते पटेना. दिपमाला बरी आहे ना, तेजस बरा आहे ना, सगळं विचारून झालं. मग काय बोलावं सुचेना. शेवटी सर वॉल्टरचं सांगितलं. तिला बरं वाटलं असावं. कुत्र्याचं नाव विचारलं. माहीत नाही म्हटलं.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड.
रंग टाळला. काम भरपूर. रॉबर्टला मुलं सापडत नाहीत. एवढ्या जमिनीच्या माणसाला मूलबाळ नसेल हे मनाला पटत नाही. तीन मुलगे धरले. नावं नंतर घालू.

अक्काला फोन. आता एक दिवसाआड करतो. केवळ कामासाठी. ती म्हणते, ॲलिसचं सासर कसं होतं? बायकांना हेच सुचतं. पाहून सांगतो म्हटलं.

१९ मार्च, बुधवार. रात्री जेवणानंतर.
मोठा शोध. इंग्रजांकडेही हक्कसोड होती! त्यांच्यात क्विटक्लेम म्हणतात. भावानं कागद पुढं करायचा, बहिणीनं मेणाचा शिक्का मारायचा. सहाशे वर्षांपूर्वी. हुबेहूब आपली पद्धत. इंग्रजांबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

वॉल्टरनं पाणचक्कीजवळचं कुरण ॲलिसला लग्नात दिलं होतं. नंतर ते रॉबर्टकडे दिसतं. अर्थात तिनं हक्क सोडला. कागद अजून हाती लागला नाही, पण चांगल्या घरातली मुलगी, सोडणारच. तक्त्यावर लिहिलं: "ॲलिस, हक्क सोडला, सबब वारस नाही." बहुधा एखाद्या सणाला माहेरी आली असेल. भावानं चांगला झगा घेतला असेल.

अक्काला हे मुद्दाम खुलवून सांगितलं. ती ऐकत होती. जमीन तयार होतेय.

३० मार्च, रविवार. पाडवा.
संकल्प पूर्ण झाला नाही. कारण साहित्य विपुल. नवी मुदत: रामनवमी. टाकीही रामनवमीनंतर.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी.
ॲलिसचा क्विटक्लेम मिळत नाही. रॉबर्टचे इतर बरेच कागद आहेत: मेंढ्यांचे, भांडणांचे, पुलाच्या दुरुस्तीचे. नेमका हाच नाही. कचेरीतही असंच व्हायचं. नवी मुदत: आखाजी.

११ एप्रिल, शुक्रवार.
आज फोन करायला उशीर झाला तर अक्काचाच आला. बरं नाही का, म्हणाली. मग म्हणाली, त्या पोरीचं काय झालं? मी म्हटलं, कोणती पोरगी? ॲलिस, म्हणाली. अक्काला विषयाची गोडी लागली. हे माझ्या सांगण्याच्या हातोटीचं यश.

चर्च समितीला ईमेल पाठवला. सोबत अपूर्ण तक्ता. अनुभवाचा उल्लेख केला.

२२ एप्रिल, मंगळवार.
समितीचं उत्तर आलं. अतिशय नम्र बाई. लिहितात की भिंतीवरचा कागद छपरावरचे शिशाचे पत्रे चोरीला गेले त्याबद्दलचा होता. ऑल्डरविक घराण्याची माहिती समितीकडे आधीपासूनच आहे, पुस्तिका छापलेली आहे, चर्चच्या दारात मिळते. तिची पीडीएफ सोबत जोडली आहे. आणि मी पाठवलेले तीन मुलगे कोण, असं विचारलंय.

म्हणजे त्यांना स्वतंत्र पडताळणी हवी होती. सरळ सांगायला संकोचल्या.

२३ एप्रिल, बुधवार.
पुस्तिका वाचली. पुन्हा वाचली. तक्त्याची थोडी फेरमांडणी करावी लागेल.

वॉल्टरची बायको खरंच माहेरची ऑल्डरविकच होती. असो. रॉबर्टला मूल नव्हतं. तिन्ही मुलगे खोडले. आणि ॲलिसनं हक्क सोडलाच नव्हता! रॉबर्टनं बाप गेल्यावर तिचं कुरण बळकावलं. क्विटक्लेम तयार करून पुढं केला. नातेवाईक बसवले, पाद्री बसवला, शिक्का मार म्हणाले. तिनं मारला नाही. कोर्टात गेली. वर्षानुवर्षं रॉबर्ट तारखांना आलाच नाही. शेवटी तो मेला आणि सगळं तिच्याकडे आलं. आज इंग्लंडात ऑल्डरविकांचं रक्त ज्या कोणात आहे ते ॲलिसकडून आलेलं आहे. रॉबर्टकडून काही नाही.

माझं मन भरून आलं. एकटी बाई, सगळं गाव विरुद्ध. रॉबर्ट हा हलकट माणूस. सख्ख्या बहिणीच्या ताटातलं ओढणारा. पुस्तिकेत त्याला फारच सौम्य शब्दांत घेतलंय. मी समितीला स्पष्ट लिहिणार आहे.

दुपारी स्टॅम्प पेपर आणले. हक्कसोडपत्राचा मसुदा मीच केला, वकिलाचं काय काम.

२४ एप्रिल, गुरुवार.
अक्काला ॲलिसची सगळी हकीकत सांगितली. फार वेळ बोललो. मला मध्येच गहिवरून आलं. अक्कानं एकच विचारलं, रॉबर्ट तिले नंतर कधी भेटना का? म्हटलं, तशी नोंद नाही.

साडी घेतली. दिपमालानं रंग पसंत केला. कशासाठी, असं तिनं विचारलं नाही. तिलाही तिच्या भावानं अशीच एक घेतली होती. ती तिनं अजून नेसलेली नाही. जपून वापरते.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी.
नवल (भाचा) अक्काला गाडीनं सोडून गेला. घागर भरली, आंब्याचा रस, सांजोऱ्या. विस्तवावर पितरांची आगारी टाकताना आबांचं नाव घेतलं, आईचं घेतलं. आजोबांपर्यंत आलो. त्यांच्या वडिलांचं नाव आठवेना. सर वॉल्टरचे पणजोबा तोंडपाठ होते, पण ते इथं चालले नसते. अक्कानं मागून सांगितलं: पुना. आगारी पूर्ण झाली.

जेवणानंतर बैठकीत तक्ता लावला आणि सगळ्यांना ॲलिसविषयी माहिती दिली. शेजारचे मुख्तारभाई आले होते, त्यांचे डोळे मिटले. अक्का शेवटपर्यंत जागी होती. समारोपात मी म्हणालो की ज्या घरात बहिणीचं नाव पुसलं जातं ते घर टिकत नाही. वाक्य चांगलं जमलं. टाळ्या वाजल्या नाहीत, जेवण जड झालं होतं.

१ मे, गुरुवार.
सुट्टी. रजिस्ट्री बंद. अक्काला साडी दिली आणि उद्याचं सांगितलं. तिनं साडी मांडीवर घेतली, काठावरून हात फिरवला, बरं म्हणाली. मी उगाच इतके दिवस तयारी केली. आपल्यात असं काही मनात ठेवण्याची पद्धतच नाही.

२ मे, शुक्रवार.
लिहायला हवं म्हणून लिहितो.

सकाळी जामनेर. साक्षीदार म्हणून लोटन आला होता, माझा कचेरीतला जुना सहकारी. बाकावर बसलो. आमचा पुकारा झाला. अक्का उठली नाही. तिनं मला विचारलं:

"त्या बाईनी सही करी व्हती का?"

लोटन माझ्याकडे बघायला लागला. खोटं सांगता आलं असतं. पण विषयाशी बेइमानी होत नाही माझ्याच्यानं. म्हटलं, नाही. शेवटपर्यंत नाही.

"मंग मी बी नही करस."

मी तिला समजावलं. म्हटलं, अक्का, इंग्लंडची गोष्ट वेगळी, तो रॉबर्ट लोभी होता. ती म्हणाली, तुला लोभी कोण म्हणतंय. आवाज चढवला नाही. चाळीस वर्षं सासरी राहून बोली तिकडचीच झालीय, तिच्या शब्दांत लिहितो:

"वावर तूच करजो, पीक तूच खाजो. माले काय करनं शे त्यानं? पन मन्ही ननंदनी आमनाकडे सही करी दिधी, मंग तिले आखाजीले लेवाले आमना घरथीन कोनी गया नही. मन्हं लगीन व्हयनं तैपासून इतला फोन तू माले कधी करा नही. सही व्हयनी का हाऊ फोन बंद पडी."

पुकारणाऱ्यानं पुन्हा नाव घेतलं. मी सांगितलं, आमचं रद्द करा.

लोटन म्हणाला, चहा घेऊ. घेतला. अक्कानं बशीत ओतून प्यायला, आई प्यायची तसा. गाडीत परत येताना केळीच्या बागा दिसायला लागल्या तेव्हा तिनं विचारलं, पुढं काय झालं त्या कुरणाचं? मी म्हटलं, माहीत नाही.

३ मे, शनिवार.
अक्काला नवल येऊन घेऊन गेला. जाताना साडी नेसली होती. मला वाटलं होतं ठेवून जाईल.

सही केली असती तर नणंदेसारखं तिलाही सणाला आणायला कोणी गेलं नसतं, फोन बंद पडला असता, असं ती म्हणते. हे खरं नाही. मी नक्की केला असता. सणावाराला केला असता.

५ मे, सोमवार.
चर्च समितीला अंतिम तक्ता पाठवला. त्यांनी आभार मानले आणि पुस्तिकेशी तंतोतंत जुळतो असं कळवलं. माझ्या पडताळणीचा तोच निष्कर्ष.

रॉबर्टबद्दलचं पत्र लिहायला बसलो होतो. चार ओळींच्या पुढं गेलं नाही.

टाकी बघायला प्लंबर बोलावला. आला नाही.

८ मे, गुरुवार. सकाळी.
ऑल्डरविक प्रकरण संपलं. सहीचं प्रकरणही संपलं. फोन करायला काही कारण उरलं नाही. दोनदा फोन उचलला, ठेवला. दिपमाला म्हणाली, करायचा तर करा, नाहीतर टाकीकडे बघा.

केला. अक्कानं विचारलं, काय सापडलं? म्हटलं, काही नाही, सहज. मग मघाशीच ठरवून ठेवलेलं वाक्य म्हणालो: जेवलीस का?

"आज एकादशी शे, प्रेमराज."

मी विचारलं, तू एकादशी करतेस? कधीपासून? ती म्हणाली, आई गेली तेव्हापासून. आईचं व्रत अर्धं राहिलं होतं, ते तिनं घेतलं.

आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मला माहीत नव्हतं. ॲलिस कोणत्या वारी मासे खायची ते मला माहीत आहे.

अक्का म्हणाली, तुन्हाकडे काय चालू शे, सांग. मी म्हटलं, आमच्याकडे टाकी गळते. ती म्हणाली, कधीपासून?

सांगायला लागलो.